पडताळणी

एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात होतो.
पिशवीत हातोडी, शिक्का, पितळेची प्रमाण वजनं.
पट्ट्याने खांद्यावर पाडलेला खड्डा
अजून आहे.

पणजीतल्या मळ्यातली दुकानं
मला पाट्यांवरून ठाऊक नव्हती.
हेदेंचा काटा डावीकडे झुके, पावसात जास्तच.
कैतानच्या तावेर्नात फेणीचं माप बुडाशी चेपलेलं;
तेवढा घोट कैतानचा,
हे गिऱ्हाइकंच हसत सांगायची.
एस्पेरांस तर वजन हातात धरायची नाही.
बांगड्यांचे वाटे लावून बसलेली,
मला बघून ओरडायची,
‘माज्या दोळ्यांचेर मार तुजो शिक्को!’
मारुतीगडाच्या जत्रेत
खाजेवाल्यांच्या तागड्या तपासताना
बोटं गुळाने चिकट होत
आणि पावतीपुस्तकाची पानं एकमेकांना धरून बसत.

भोबेंच्या पसऱ्यातलं किलोचं वजन
आठ ग्रॅमनी कमी भरलं.
फसवणूक नव्हे, झीज.
नियमाने ते बाद.
भोबे काही बोलले नाहीत.
एक परकरी मुलगी साखरेला आली होती.
त्यांनी साखर जोखली, काटा सरळ झाला,
मग वर आणखी चिमूट टाकली,
कुणाकडे न बघता, सवयीने.
ती चिमूट मी डोळ्यांनी मोजली.
आठाच्या वर होती.
मी वजन उलटं केलं, भोकातल्या शिशावर
शिक्का ठोकला. साल नव्व्याण्णव.
नोकरीतला माझा एकमेव खोटा शिक्का.
दुसरा असेल तर आठवत नाही.

भोबे गेले. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टावर
स्विंडनला, गोदामात पार्सलं उचलतो.
पसऱ्यात मोबाइलची कव्हरं आली,
मग मोमो, मग दोन चवथी नुसतं कुलूप,
मग दिल्लीच्या एका बाईंच्या मेणबत्त्या,
ज्या कधी कुणी पेटवल्याच नाहीत.
कैतानचं तावेर्न पिवळं झालं, हॉटेल झालं.
शेजारच्या खिडकीत त्याची बहीण राहते;
बाहेर मुली टोप्या सावरत फोटो काढतात
आणि ती आतून खिडकी लावून घेते, दिवसाउजेडी.
हेदेंचं कुणालाच माहीत नाही.

परवा भोबेंच्या दारात गेलो.
आता कॉफीचं दुकान आहे.
पायरी तीच, कोपरा तुटलेला.
फडताळाच्या जागी आरसा,
आरशात मी, पिशवीशिवाय.
भाजीपाव मिळतो का विचारलं नाही.
कॉफी सांगितली, साधी.
साध्याचेही चार प्रकार निघाले.

बिल आलं ते लोखंडी वजनाखाली दाबून.
षटकोनी. एक किलो.
मी उलटं केलं. शिसं. नव्व्याण्णव.
‘जुनं आहे, सर,’ पोरगा म्हणाला,
‘मालकांनी माळ्यावरून काढलं, शोभेला.’
मी हातात तोललं.
आठ कमी, की आता नऊ,
हाताला एवढं कळत नाही, पण कळल्यासारखं वाटलं.

पोरगा आसामचा, नाव ध्रुबज्योती.
मी विचारलं, तेव्हा त्याने दोनदा सांगितलं,
पहिल्यांदा भरभर, दुसऱ्यांदा तोडून तोडून.
गल्ल्यामागे त्याचा इवलासा काटा, लाल आकड्यांचा.
प्रत्येक कपाला तो दाणे जोखतो:
सतरा पूर्णांक नऊ. थांबतो.
एक दाणा चिमटीत घेतो. अठरा.
श्वाससुद्धा रोखतो तेवढ्यापुरता.

उठताना वाकून बघितलं, सवयीने,
काट्याच्या बुडाशी, कडेला, मागे.
पडताळणीची खूण कुठेच नव्हती.
दंड होतो त्याला.
किती, तेही मला पाठ आहे.

‘काय झालं, सर?’

काही नाही, म्हटलं,
आणि सुटे पैसे वजनाखाली ठेवले.